हरणांसाठी पेरलेलं शेत

भात पोटरीला आलं की आपल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाकाठच्या शिवारात माळा उभा राहतो. चार मेढी, वर फळ्या, गवताचं छप्पर, हाताशी बॅटरी आणि बडवायला एखादा रिकामा डबा. रात्रभर एक माणूस जागा. डुक्कर येवो, गवा येवो, चितळांचा कळप येवो, त्याला हुसकावायचं एवढंच काम. पहाटे जरा डोळा लागला तर तेवढ्यात निम्मे वाफे साफ होतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मी असाच एक माळा पाहिला. ओकच्या झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, वर एक माणूस बसेल एवढी बैठक आणि समोर पाऊण एकराचं हिरवंगार शेत. त्या शेतात जे पेरलं होतं ते सगळं हरणांनी खावं म्हणूनच पेरलेलं. मालकाला वर्षभर घोर होता तो हरणं आली नाहीत तर काय, याचा. आपल्या खानापूरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी पोटभर हसेल आणि मग म्हणेल, "आमचीच देऊया की पाठवून!"

माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, बरीच वर्षं त्या राज्यात आहे. २०२३ च्या दिवाळीला कॉलेजच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि भाऊबीजेला तिच्या दारात उभा राहिलो. मॅडिसन ही राज्याची राजधानी. तिथून पश्चिमेला गाडीनं तासाभरावर, डोंगराळ मुलखात तिचं घर आहे. भूगोल शिकवणाऱ्याला हा भाग पाहायची हौस असणारच. भोवतालचा सारा प्रदेश हिमयुगात बर्फाच्या थरांखाली घासून सपाट झाला, पण हा तेवढा वाचला. त्यामुळे इथं टेकड्या आहेत, घळी आहेत, उतारावर ओकची जंगलं आणि तळाला मका-सोयाबीनची शेतं. हरणाला याहून सोयीची जागा कुठली? दिवसा लपायला रान, तिन्हीसांजेला चरायला शेत आणि दोन्हींमध्ये चार उड्यांचं अंतर.

थँक्सगिव्हिंग हा तिकडचा मोठा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. धनुष्यबाणवाल्यांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालूच असतो, पण खरा उत्सव या नऊ दिवसांचा. आमच्या दाजींनी त्याला 'इथलं नवरात्र' असं नाव ठेवलंय. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या जरा आत, आणि बंदुकीचा परवाना काढणारे साडेपाच लाखांच्या आसपास. कारखान्यात रजेच्या अर्जांचा ढीग पडतो. पेट्रोल पंपावर, दूधवाल्याकडे, चर्चच्या दारात एकच विषय. कमरेच्या वरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग भडक नारिंगी असला पाहिजे असा कायदा आहे, कारण तो रंग हरणाला नीट कळत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. शनिवारी पहाटे रस्त्यानं निघालेल्या त्या नारिंगी रांगा पाहून मला क्षणभर दिंडीच आठवली. २०२३ च्या त्या नऊ दिवसांत पावणेदोन लाखांच्या जवळपास हरणं मारली गेली, आणि आदल्या वर्षी दोन लाखांच्या वर गेली होती म्हणून लोक कुरकुरतच होते.

अक्काच्या घरासमोर रस्त्यापलीकडे एका म्हातारबांची चाळीस एकर जमीन आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे. जन्मभर गाई पाळल्या, दूध घातलं. गुडघे गेले तशा गाई विकल्या आणि उरलेलं सगळं लक्ष हरणांकडे वळवलं. दाजींबरोबर शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आमच्या वडिलांची शेती आहे म्हटल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हरणं येतात?" मी म्हटलं, "येतात, म्हणून तर झोप नाही." त्यांना ते इतकं आवडलं की बायकोला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

शेत दाखवा म्हटलं तर मान हलवली. हंगामाआधी पंधरा दिवस ते स्वतःदेखील आत पाय ठेवत नाहीत. माणसाचा वास मातीला, फांद्यांना लागून राहतो आणि एकदा बिचकलेलं हरीण दिवसाउजेडी त्या वाटेनं येत नाही. त्याऐवजी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. मला काय, नकाशा दिसला की जेवण नको.

चाळीस एकरांत पेरणी एकूण तीन एकरांचीसुद्धा नव्हती. तीही चार तुकड्यांत, प्रत्येक तुकडा रानाच्या कुशीत, लांबट आणि वळणदार. हरणाला उघडं, चौकोनी मैदान आवडत नाही, दोन उड्यांत झाडी गाठता आली पाहिजे. एका तुकड्यात क्लोव्हर. आपल्याकडे दुभत्या जनावरांना बरसीम घालतात तो याच्याच कुळातला. एकदा लावला की तीन-चार वर्षं टिकतो, हवेतला नत्र जमिनीत धरतो आणि वसंतात पान्ह्यावरच्या मादीला प्रथिनं पुरवतो. त्यात मिसळलेली चिकोरी. हो, तीच, जिची भाजलेली मुळं आपल्या फिल्टर कॉफीत असतात. तिचं मूळ खोल जातं म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही पान हिरवं राहतं. दुसऱ्या तुकड्यात शलगम, मुळा वगैरे मोहरीकुळातलं काहीबाही, जुलैअखेरीस-ऑगस्टात पेरलेलं. गंमत अशी की हरणं सुरुवातीला याच्या पाल्याला फारसं तोंड लावत नाहीत. कडाक्याची थंडी पडली की पानात साखर उतरते आणि मग ती तुटून पडतात. ऐन हंगामात. तिसऱ्यात राय, सगळीकडे बर्फ पसरेपर्यंत हिरवं राहणारं धान्य. चौथा तुकडा त्या वर्षी पडीक ठेवलेला.

पेरायच्या आधी माती तपासून घेतलेली. रानातली ओकच्या पानांखालची जमीन आंबट असते, म्हणून एकरी टनाच्या हिशोबानं चुना टाकलेला. हा चुन्याचा खर्च बियाण्यापेक्षा जास्त, पण तो टाळला तर बियाणं वाया गेलंच म्हणून समजा. म्हातारबा म्हणाले, नवीन माणूस बियाण्याच्या पिशवीवरचा फोटो बघून पैसे घालवतो. ते खरंच आहे. दुकानात मी पाहिलं, पिशवीवर टोलेजंग शिंगांचा नर छापला की किंमत चढते, आत बी तेच क्लोव्हरचं.

प्रत्येक तुकड्यात मधोमध तारेच्या जाळीचं एक गोल पिंजरं ठेवलेलं असतं, कमरेएवढं. आत हरणाचं तोंड पोचत नाही. आतलं गवत मांडीपर्यंत आणि बाहेरचं घोट्यापर्यंत असेल तर हरणं किती खातायत ते न मोजता कळतं. शेतीच्या कॉलेजात शिकवावी अशी युक्ती आहे ही, आणि खर्च शून्य.

पण म्हातारबांच्या मते पेरणी हे वरचं काम, मूळ काम रानाचं. थंडीच्या मोसमात ते करवत घेऊन कमी किमतीची झाडं छातीच्या उंचीवर अर्ध्यापेक्षा जास्त कापून आडवी करतात, पण तोडून टाकत नाहीत. सालीच्या पट्टीवर झाड जिवंत राहतं, आडव्या खोडावर धुमारे फुटतात, हरणाच्या तोंडाशी पाला येतो, आडोसा मिळतो, आणि वरचं छत उघडल्यामुळे जमिनीपर्यंत ऊन पोचतं. पांढऱ्या ओकच्या भोवतीची दाटी काढायची, म्हणजे त्याला फळ जास्त धरतं. ते फळ गोडसर, लाल ओकचं तुरट. सफरचंदाची जुनी झाडं छाटून ठेवायची. आणि मध्यावरची सात-आठ एकर पूर्ण बंद. तिथं कुणी जायचं नाही, वर्षातला एकही दिवस. जखमी हरणाच्या मागावर जायचं असलं तरच. नकाशावर तो भाग त्यांनी लाल पेन्सिलीनं गिरवला होता. चाळीस एकरांतली सगळ्यात मोलाची जमीन कुठली विचारलं तर ते त्या लाल भागावर बोट ठेवतात.

आता भूगोलाचा एक हिशोब सांगतो, कारण सगळं घोडं तिथं अडतं. १७८५ च्या कायद्यानं अमेरिकेनं आपला मोठा मुलूख चौकोनांत मोजला. एक चौरस मैलाचा एक चौकोन, सहाशेचाळीस एकर. त्याच्या चौथाईची चौथाई म्हणजे चाळीस एकर, म्हणून तिकडे 'चाळीस' हा जमिनीचा तुकडा म्हणूनच बोलतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नेहमीचा वावर ढोबळमानानं त्या एका चौरस मैलाएवढा, मादीचा बराच कमी, आणि नोव्हेंबरात माजावर आलेल्या नराला तर हद्दच नसते. म्हणजे म्हातारबांचं शेत हे त्या हरणाच्या घराचा सोळावा हिस्सा. इथं चरायचं, पलीकडे झोपायचं, शेजाऱ्याच्या बंदुकीसमोरून जायचं. वर्षभर यांनी चारलेलं हरीण पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडे पडलं तर तक्रार करायला जागा नाही. दरवर्षी कुणाचं तरी असं होतंच, आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं ते इस्टरपर्यंत.

कारण कायद्यानं हरीण जमीनमालकाचं नसतं. ते राज्याचं, म्हणजे सगळ्या लोकांचं, आणि राज्य त्याचं राखणदार. युरोपात हरीण राजाचं किंवा जहागीरदाराचं होतं. तिथून आलेल्या गरीब माणसांनी नव्या देशात ती रीत नाकारली. २००३ साली विस्कॉन्सिनच्या मतदारांनी शिकारीचा हक्क राज्याच्या घटनेतच घालून घेतला. पण या मोकळिकीनंच एकदा घात केला होता. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी कत्तल झाली की १९०० च्या सुमारास सगळ्या देशात पांढऱ्या शेपटीची पाचेक लाखच हरणं उरली असा अंदाज आहे. १९०० च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत असं मानतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीचं दारच बंद झालं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे, चितळ-काळवीट नाहीतर उरले नसते. मात्र आपल्याकडेही हरीण सगळ्यांचं आणि त्याला चारायचा खर्च माळ्यावरच्या एकट्याचा, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तीन कोटी म्हणजे आनंदच की, असं वाटेल. पण इथंच आल्डो लिओपोल्ड या माणसाचं नाव घ्यावं लागतं. १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यप्राणी व्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेले हे गृहस्थ स्वतः शिकारी. तरुणपणी वनखात्यात असताना लांडगा दिसला की गोळी घालायचे, कारण लांडगे घटले की हरणं वाढतील असा त्या काळचा हिशोब होता. हरणं वाढली. मग त्यांनी खालपासून हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत बोडके झालेले डोंगर पाहिले, आणि मतं बदलली. १९४३ साली राज्याच्या मंडळावर आल्यावर त्यांनी माद्या मारायला परवानगी द्यावी म्हणून जोर धरला. लोक भयंकर खवळले. नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही, ही टंचाईच्या काळातली शिकवण पिढ्यांच्या हाडात भिनली होती. लिओपोल्ड १९४८ साली शेजाऱ्याच्या रानातला वणवा विझवताना वारले. त्यांचं गाजलेलं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. बाराबूजवळची त्यांची झोपडी अक्काच्या घरापासून फार लांब नाही. मी मुद्दाम जाऊन आलो. पडीक, निकस जमीन घेऊन बायको-मुलांसह त्यांनी तिथं हजारो झाडं लावली होती.

भांडण मात्र संपलेलं नाही. 'आधी एक मादी मारा, मगच नर मारायची मुभा' असा नियम राज्यानं १९९६ पासून काही भागांत लावून पाहिला. संख्या आटोक्यात आणायला तो उपयोगी होता, पण शिकाऱ्यांना इतका नकोसा झाला की २०११ साली विधिमंडळानं तो रद्दच केला. दरम्यान रानाचं काय झालं ते मोजलेलं आहे. जॉन कर्टिस यांनी १९५० च्या सुमारास राज्यभरातल्या जंगलांची झाडं-फुलं नोंदली होती. पन्नासेक वर्षांनी त्याच जागी पुन्हा नोंद घेतली तेव्हा हरणांच्या आवडीची रानफुलं मागे हटलेली आणि गवतं, नेचे पुढे सरकलेले दिसले. कारणं अनेक, पण हरणाचं तोंड हे त्यातलं एक मोठं कारण. मोठे ओक उभे आहेत. त्यांच्याखाली पुढची पिढी नाही. रोप वीतभर झालं की खाल्लं जातं. उत्तरेकडे मेनॉमिनी आदिवासींच्या राखीव रानात हरणं कमी ठेवलेली आहेत, तिथं मात्र लहान झाडं भरपूर आहेत.

आणि वर रोग. फेब्रुवारी २००२ मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेलाच, माउंट होरेबच्या आसपास मारलेल्या तीन हरणांत तो प्रथम सापडला. मेंदू पोखरत नेणारा, हरीण झिजून झिजून मरतं म्हणून त्याचं नाव झिजेचा रोग. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेल्या घडीचं प्रथिन. औषध नाही, लस नाही. लाळेतून, मूत्रातून, लेंडीतून पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष चांगलं ठणठणीत दिसतं. अक्का राहते त्या पट्ट्यात काही ठिकाणी वयात आलेल्या नरांतले निम्म्याच्या आसपास बाधित निघतात. माणसाला तो लागल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही, तरी तपासणीत दोषी आलेलं मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. रोगग्रस्त जिल्ह्यांत हरणांना दाणा घालणं, मक्याचा ढीग ओतणं बंद आहे, कारण एका ढिगावर दहा तोंडं येतात. पेरलेलं शेत मात्र चालतं. ओतलेला मका गुन्हा, पेरलेला मका शेती. मी म्हातारबांना विचारलं, तोंडं तर क्लोव्हरवरही एकत्र येतात ना? ते म्हणाले, "एकरभर पसरलेली असतात." पुढे काही बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांनी मला नारिंगी जाकीट चढवून सोबत नेलं. शिडीवर एकालाच जागा, म्हणून आम्ही शलगमाच्या तुकड्याच्या पूर्वेला असलेल्या लाकडी खोपटात बसलो. वारा पश्चिमेचा, हरणं पश्चिमेच्या उतारावरून उतरणार, म्हणजे आमचा वास त्यांच्याकडे जात नाही. तिथं पोचायची वाटसुद्धा ओढ्यातून, लांबचा वळसा घेऊन. दोन तास शब्द नाही. त्या वर्षी बर्फ पडलं नव्हतं, खार पळाली तरी वाळलेल्या पानांतून बैल चालल्यासारखं वाटायचं. चारच्या सुमाराला एक मादी आणि तिची त्या वर्षीची दोन पाडसं बाहेर आली. जाळीच्या पिंजऱ्याभोवती चरत राहिली. म्हातारबांनी बंदूक उचलली नाही. मग मागून दुसरी, एकटी आली. ती आडवी उभी राहीपर्यंत ते थांबले. आवाजानं माझे कान बंद झाले. ती चाळीसेक पावलं पळून ओकच्या पानांत पडली.

मला शिकारीचं कौतुक नाही, तेव्हाही वाटलं नाही. मटण खाणारा माणूस आहे, त्यामुळे नाक मुरडायचा अधिकारही नाही. पाव तास ते जागचे हलले नाहीत. मग जाऊन टोपी काढली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश बसले आणि सुरी काढली. मदतीला कुणाला हात लावू दिला नाही. नोंद फोनवरून झाली. मुंडकं तपासणीसाठी सरकारी पेटीत ठेवून आलो. अशा पेट्या हमरस्त्यावर दिवसरात्र उघड्या असतात. निकालाला दोन आठवडे.

सोमवारी त्यांच्या आठवीतल्या नातवानं दहा टोकांचा नर मारला. हा नर म्हणजे घरातलंच माणूस. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेले त्याचे चार वर्षांचे फोटो फ्रिजवर ओळीनं चिकटवलेले. पहिल्या वर्षी काटकीसारखी शिंगं, मग वाढत गेलेली. चितळासारखीच ही शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्यानं येतात, काळवीटासारखी जन्माची नसतात. दोन वर्षं तो बंदुकीच्या टप्प्यात आला असताना म्हातारबांनी त्याला सोडून दिलं होतं, नातू बंदूक धरण्याजोगा होईपर्यंत. मुलगा आमच्याकडे सांगायला आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मादीचा निकाल आधी आला, निर्दोष. तोपर्यंत अक्कानं त्यांनी दिलेलं पुडकं फ्रीजरच्या तळाशी, वेगळ्या पिशवीत ठेवलं होतं आणि दाजींना हात लावायची बंदी होती. मग तिनं तांबडा रस्सा केला. या मांसाला चरबी अशी नाहीच, कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागल्या. म्हातारा-म्हातारी दोघं जेवायला आली. म्हातारबांनी घाम पुसत दोनदा वाढून घेतलं आणि भाकरी कशाची ते विचारलं.

त्यानंतरच्या सोमवारी नराचा निकाल आला. बाधित. चाळीसेक किलो मांस, पुडक्यांवर मुलानं आपल्या हातानं तारीख लिहिलेली. म्हातारबांनी ती सगळी पेटाऱ्यात भरली आणि हरणांच्या अवशेषांसाठी ठेवलेल्या डब्यात टाकून आले. सोबत मुलालाही नेलं. दाजी गाडी चालवत होते. येताना मुलानं विचारलं, "त्याला हे आपल्याच शेतातून लागलं असेल का?" दाजी सांगतात, म्हातारबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "असेल. नसेलही. सांगता येत नाही." खोटं सांगून मुलाला शांत करता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही. माझी रजा संपली होती, दोन दिवसांनी मी निघालो.

२०२४ च्या मे महिन्यात अक्काचा फोन आला तेव्हा इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हातारबांची चौकशी केली. चुन्याची गाडी आली नव्हती म्हणे. क्लोव्हर आहे तसा आहे, तो काय आपोआप येतोच. शलगमाचा तुकडा मात्र मोडलाय. पुढच्या हंगामाला गावातल्या दोन कुटुंबांना, ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्यांनी रानात यायला सांगितलंय. अट एकच, माद्या मारायच्या. आणि शलगमाच्या जागी ओकची रोपं लावली आहेत, पांढऱ्या ओकची, साठेक. प्रत्येकाभोवती छातीइतकी उंच जाळी, हरणांचं तोंड पोचू नये म्हणून. जाळी एका रोपाला कमी पडली, तेव्हा नातवानं क्लोव्हरमधलं ते जुनं पिंजरं उचलून आणून त्यावर बसवलं.